मानाचा फेटा आणि वरणाची बादली

ईट, ता. भूम
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

अक्षदा,

तिळगूळ घे. गोड बोल असं मात्र मी म्हणणार नाही, कारण शेवटचं तू जे बोललीस ते गोड होतं का कडू हेच मला अजून कळलेलं नाही. 'पेर्मालोझो' म्हणालीस, हसलीस आणि फोन ठेवलास. वर मेसेज टाकलास की आता फोन करू नकोस, पत्र लिही. फोनवर तू पेटतोस, कागदावर पेटलास तर इटलीला पोचेस्तोवर विझशील. म्हणून हे पत्र. आमचा पोस्टमन म्हणतो, ईटहून इटलीला जाणारं हे पहिलंच पाकीट. तो ते चारजणांना दाखवून मगच पिशवीत टाकणार.

त्या शब्दाचा अर्थ मी मोबाइलवर शोधलेला नाही. शोधणारही नाही. ज्यानं शिवी दिली त्यानंच तिचा अर्थ सांगावा. शिवी नसेल तर तसं लिही.

आता तुझ्या भावाच्या, प्रेमच्या लग्नाचं. तू तिकडं होतीस, तुला जे कळलं ते तुझ्या अप्पांच्या बाजूनं कळलं. माझ्याकडून ऐक. सोनारीला तुमच्या मांडवात गोरोबा माइक धरून बसला होता. एकेकाचं नाव पुकारायचा, 'यांनी मानाचा फेटा स्वीकारावा'. तुझ्या मावशीच्या नवऱ्याला फेटा. वाशीच्या सोयऱ्यांना फेटा. तेरखेड्याहून ज्यानं पैसे मोजून घेऊन फटाके दिले त्यालासुद्धा फेटा. आणि मी नवरदेवाच्या सख्ख्या आत्याचा पोरगा. लहानपणी प्रेमला पोहायला मी शिकवलं. मी कुठं होतो? मांडवाच्या मागं, वरणाची बादली धरून. नवा पांढरा शर्ट, त्यावर वरणाचे ओघळ. केस विंचरून आलो होतो गं, फेटा नीट बसावा म्हणून.

शेवटचं नाव झालं. माइक बंद झाला. तेवढ्यात मामा, म्हणजे तुझे अप्पा, आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "शिवराज, तिसरी पंगत बसली, वरण कुठंय?" मी बादली पंगतीच्या मधोमध ठेवली आणि गाडीला किक मारली. एक घास खाल्ला नाही. मामांनी मागनं हाकसुद्धा मारली नाही.

तेव्हापासून दोन्ही घरं बंद आहेत. आई लग्न उरकल्यावर आपल्या लग्नाचं बोलणं मामांच्या कानावर घालणार होती, तिनं तोंडाला कुलूप लावलंय. तूच सांग यात माझं काय चुकलं. आणि तो शब्द.

शिवराज

---

कुनेओ, इटली
६ फेब्रुवारी २०२५

शिवराज,

तुझं पत्र मी गोठ्यात उभी राहून वाचलं. शर्टावरच्या ओघळापाशी मला इतकं हसू आलं की लुचियाबाई बघायला आल्या. लुचियाबाई म्हणजे ज्यांच्या शेळ्या आणि ज्यांचं चीज, त्या. कॉलेजनं मला वर्षभर शिकायला ज्यांच्याकडे पाठवलंय त्या. वय आत्याएवढं, आवाज आत्यापेक्षा मोठा.

ती शिवी नाही. आता अर्थ. शब्दकोशात एका ओळीत मिळेल, पण त्या ओळीनं तुझ्या डोक्यात काही शिरणार नाही. तेव्हा मी तो कसा ऐकला ते सांगते.

पहिल्यांदा ऐकला तो एका शेळीबद्दल. रेजिना तिचं नाव. धार काढायला आधी तिच्याकडे जायचं, हा तिचा नियम. मला माहीत नव्हतं, मी आधी दुसरीकडे बसले. नंतर रेजिनापाशी गेले तर तिनं पान्हा चोरला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लुचियाबाई म्हणाल्या, "के पेर्मालोझा." म्हणजे 'किती ही पेर्मालोझा'. शेळी बाई म्हणून शेवटी 'झा'. तू पुरुष म्हणून तुला 'झो'.

दुसऱ्यांदा ऐकला तो लुचियाबाईंच्या नवऱ्याबद्दल. गावातल्या कॉफीवाल्यानं त्यांच्या नंतर आलेल्या गिऱ्हाइकाला आधी कप दिला. झालं. तेव्हापासून ते शेजारच्या गावात जाऊन कॉफी पितात. तिथली कॉफी त्यांना आवडत नाही, हेही ते सगळ्यांना सांगतात. त्यांना नुसतं पेर्मालोझो म्हणत नाहीत. पेर्मालोझिस्सिमो म्हणतात, म्हणजे त्यातले पाटील.

म्हणजे रागीट का? नाही. रागीटाला इकडे वेगळा शब्द आहे, आणि रागीट म्हटलं तर माणसं मिशीला पीळ देतात. राग येतो, भांडी आपटतो, जातो. तू नुसता रागीट असतास तर मला काळजी नव्हती. 'पेर माले' म्हणजे 'वाईट म्हणून'. समोरच्यानं काहीही दिलं तरी जो ते वाईट म्हणून घेतो, तो पेर्मालोझो. मनाला लावून घेतो म्हणतो ना आपण, तसं. पण त्याहून थोडं जास्त. लावून घ्यायला काही नसलं तरी हा हुडकून आणतो.

या शब्दाची एक गंमत आहे. ज्याला म्हणाल त्यानं 'मी नाही' म्हणून आवाज चढवला की तो आहेच हे ठरलं. त्यातून सुटायची एकच वाट आहे, हसायची. जमतं का बघ.

कॉलेजात सरांनी तुला 'शेळ्या वळायच्या लायकीचा' म्हटलं होतं. वर्गातला प्रत्येक पोरगा ते कधी ना कधी ऐकून बसला होता. तू एकटा उठलास, 'मग वळतो' म्हणालास आणि खरंच शेळ्या घेतल्यास. शेळ्या चांगल्या निघाल्या हे तुझं नशीब. प्रत्येक वेळी निघतीलच असं नाही.

अक्षदा

---

ईट
१ मार्च २०२५

अक्षदा,

पत्र मिळालं. मला अजिबात राग आलेला नाही. शेळीशी तुलना केलीस त्याचंही काही वाटलं नाही. मी रानात जाऊन पत्र दोनदा वाचलं, एक धोंडा विहिरीत टाकला आणि घरी आलो. धोंडा सहज टाकला.

घरी आबांना तो शब्द सांगितला. ती चूक झाली. आमचे आबा, धुळाप्पा, तुला माहीतच आहेत. एखादी वस्तू हाती लागली की मोडेस्तोवर वापरतात. शब्द पहिल्यांदा गेला विहिरीवरच्या मोटारीला. लाइट येऊनही मोटार उचलेना तर म्हणाले, "पेर्मालोझो झालीय, हात फिरवा तिच्यावरनं." मी म्हणालो, मोटार बाई आहे, झा म्हणा. मग चहाच्या टपरीवर गेला. आता कुणी उधारीच्या वहीवर चहा मिळत नाही म्हणून उठून गेला की मागनं तीच हाक. ग्रामपंचायतीत एक मेंबर सभा सोडून निघाला तर सरपंच म्हणाले, जाऊ द्या, परमालूस हाय. शब्द आपल्याकडे आल्यावर थोडा रांगडा झालाय, पण काम तेच करतो.

आईनं ऐकलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "मग माझा भाऊबी त्यातलाच की. दोघंबी एका मापाचे." मी म्हणालो, माझं आणि मामांचं माप एक कसं? तर म्हणाली, "तू ताटावरून उठलास. तो तुझं ताट झाकून बसलाय. फरक काय?" मला काही कळलं नाही, आणि तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

मी हसायचा प्रयत्न केला, खरंच. शेळ्यांसमोर केला. आमच्यातही एक निघाली तुझ्या रेजिनासारखी. पाला आधी तिला टाकला नाही तर मग सोन्याचा दिला तरी तोंड लावत नाही. भुकेली उभी राहते. तिला बघत बसलो तेव्हा मात्र हसू आलं आणि मग आलं तेवढंच गेलं, कारण तेवढ्यात प्रेमचा फोन आला.

प्रेम म्हणतो, अक्षय तृतीयेला तुमच्या नव्या घराची वास्तुशांत आहे आणि त्या दिवशी परंड्याचे महांतप्पा सहकुटुंब येणार आहेत. त्यांचा पोरगा पुण्यात इंजिनिअर. तुझा फोटो त्यांनी पाहिलाय. हे तुला माहीत आहे का? माहीत असून तू मला शेळ्यांच्या गोष्टी सांगत बसलीस का? कर मग त्याच्याशी लग्न, मला काय.

ते शेवटचं वाक्य मी खोडलंय. पण तू कागद उजेडासमोर धरून वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून सांगतो, ते खरं नाही. मला लई काही आहे. तू गेल्यापासून सोनारीच्या रस्त्याला लागलो की गाडी आपोआप हळू होते. काळभैरवाच्या कमानीपाशी तू चपला हातात घेऊन उभी होतीस, त्या जागी मी अजून हॉर्न वाजवतो. माणसं रस्ता मोकळा करतात, कशासाठी ते त्यांना कळत नाही.

आमंत्रण आम्हालाही आलंय. आबांच्या नावानं, 'सहपरिवार'. माझं वेगळं नाव नाही. जाऊ का नको ते लिही.

शिवराज

---

कुनेओ
२४ मार्च २०२५

शिवराज,

खोडलेलं वाचलं. उजेडात धरावं लागलं नाही, तू पेन इतकं दाबतोस की पाठीमागून उठतं.

महांतप्पांचं मला माहीत होतं. त्यांनी आपणहून शब्द टाकला, अप्पांनी 'घर बघायला या' म्हटलं, एवढंच. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. का ते सांगते, पण आधी गेल्या रविवारी काय झालं ते ऐक. हसायचं असेल तर हस, या खेपेला पेर्मालोझा मी आहे.

लुचियाबाईंकडे जेवण होतं. त्यांची बहीण, मेहुणे, डेअरीचे साहेब. मी दुपारपासून तयार, आत्यानं दिलेली पैठणी काठाची ओढणी घेऊन. टेबलावर पांढरं कापड घातलं होतं, उंच ग्लास मांडले होते. बाईंनी एकेकाला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, ग्लास भरले, पाहुण्यांची नावं घेऊन स्वागत केलं. मी खुर्ची ओढली तर त्या म्हणाल्या, अक्षदा, आत जा, पाव काप. सगळ्यांदेखत. मी आत गेले आणि पाव असा कापला की पावानं काही गुन्हा केला असावा. मनात एकच, कामाला ठेवलेली आहे मी, रंग बघून आत पाठवली. बाहेर येऊन पाटी आदळली आणि म्हटलं, मला भूक नाही, मी खोलीत जाते.

लुचियाबाईंनी सगळ्यांसमोर कमरेवर हात ठेवले. "नॉन फारे ला पेर्मालोझा." म्हणजे पेर्मालोझासारखी वागू नकोस. मग माझा हात धरून मला स्वयंपाकघरातल्या बाकावर बसवलं, जिथं त्या स्वतः आणि त्यांची मुलगी बसतात. ग्लास साधा, त्यांच्या ग्लासासारखाच. आणि म्हणाल्या, पाहुण्याला खुर्ची देतात. पाव घरचा माणूस कापतो. "सेई दी काझा." म्हणजे तू घरातली आहेस.

मी पावाचा तुकडा मोडला. मला आपला मांडव दिसला, शिवराज. तेरखेड्याच्या फटाकेवाल्याला फेटा, कारण तो परका. वाशीच्या सोयऱ्यांना फेटा, कारण ते उद्या निघून जाणार. प्रेमच्या चुलत्यांना फेटा होता का? आठव. मामेभावांना? ते कुठं होते? तुझ्याबरोबर, मांडवाच्या मागं. कुणाच्या हातात भाताची पाटी, कुणाच्या हातात बुंदीचं पातेलं. आपल्याकडे पाहुण्याला फेटा असतो आणि घरच्याला बादली. हे लहान पोरालाही माहीत आहे. तुलाही होतं. तू त्या दिवशी फक्त स्वतःचं डोकं बघत होतास, कारण केस विंचरलेले होते.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या आईला फोन केला. आमची आई, नागूबाई, काही लपवत नाही. आई म्हणाली, अप्पांनी वरणाची बादली मुद्दाम तुझ्या हातात दिली होती. पंगतीत वरण सगळ्यांपुढं जातं, सगळी भावकी वाढणाऱ्याचं तोंड बघते. 'एकदा सगळ्यांनी बघून घेऊ दे,' म्हणाले होते. आत्यानं तोंड उघडायच्या आधीच त्यांना आपलं दोघांचं सगळं कळलेलं होतं. आणि तू ती बादली पंगतीत ठेवून निघालास. अप्पांनी हाक मारली नाही, कारण त्यांनीही ते मनाला लावून घेतलं. आता ते म्हणतात, ताटावरून उठलेल्याला मी बोलवायला जाणार नाही. तेही पेर्मालोझिस्सिमो आहेत. मी दोघांच्या मधे आहे, हजारो मैलांवर पाव कापत.

म्हणून मी हो किंवा नाही म्हटलेलं नाही. जो माणूस दिलेला घास अपमान म्हणून घेईल, त्याच्याबरोबर रोज जेवायला बसायचं मला भ्या वाटतं. जाऊ का नको ते मी लिहिणार नाही. तूच ठरव. फक्त एक सांगते. त्या दिवशीही गोरोबा माइक धरून बसणार आहे.

अक्षदा

---

ईट
२ मे २०२५

अक्षदा,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला काही आपटावंसं वाटलं नाही. नुसता बसून राहिलो. आई म्हणाली ताट झाकून बसलाय, ते तेव्हा कळलं. मामा रुसून का होईना, माझं पान राखून बसले होते.

परवा सोनारीला गेलो. आबा, आई आणि मी. जुना शर्ट घातला, केस मुद्दाम विंचरले नाहीत. दारात मामा होते. आबांना रामराम घातला, आईला 'ये हरणा' म्हणाले. माझ्याकडं बघितलं आणि मंडपाकडं बोट केलं, 'बसा.' अक्षदा, मामांनी मला 'बसा' म्हटलं. उभ्या जन्मात मला त्यांनी 'बस बे' याच्यापुढं काही म्हटलेलं नव्हतं. 'बसा' पाहुण्याला म्हणतात.

सतरंजीवर जाऊन बसलो. शेजारी महांतप्पा, त्यांच्या पलीकडं त्यांचा इंजिनिअर. पोरगा वाईट नाही, हे लिहिताना माझा हात दुखतोय. शेळ्यांना लस कोणती देता असं नीट विचारलं त्यानं. मी उत्तर दिलं, पण माझं लक्ष माइककडं.

गोरोबानं फुंकर मारली, हॅलो हॅलो केलं आणि फेटे सुरू झाले. तुला काय सांगू. लग्नात ज्या माणसाचे कान आपल्या नावासाठी टवकारले होते, तोच माणूस आता मनात काळभैरवाला सांगत होता, देवा, माझं नाव येऊ देऊ नको. गवंड्याला फेटा. सुताराला फेटा. ग्रामसेवकांना फेटा. दर वेळी गोरोबा 'शि' म्हणाला की मी सतरंजीची कड घट्ट धरायचो. एकदा 'शिवाजीनगरहून आलेले' म्हणाला, मी डोळे मिटले. परत एकदा 'ईटहून आलेले' म्हणाला तेव्हा तर मी अर्धा उठलो, पळून जायला. तर ते आबांचं नाव निघालं. व्याही म्हणून नाही, मेहुणे म्हणून. आबांनी फेटा घेतला आणि खाली बसता बसता माझ्या कानात म्हणाले, "मी पाहुणा झालो. आता तुझं बघ."

मग महांतप्पांना फेटा. मग गोरोबानं इंजिनिअरचं नाव घेतलं, शिक्षणासकट, पगार सोडून सगळं. मामांनी स्वतः उठून त्याला फेटा बांधला, कोपरा छान काढला, खांद्यावर हात ठेवला. पोरगं खूश. मंडपातल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. तुझी आई भाताच्या चुलीकडं तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती गं ती.

फेटे संपले. म्हणजे ढिगात एक राहिला होता. गुलाबी. गोरोबानं तो उचलला आणि मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी फक्त मान हलवली, नको. मामांनी तो फेटा गोरोबाच्याच डोक्याला गुंडाळला आणि माइक बंद करायला सांगितला.

मी उठलो. कुणी सांगितलं नव्हतं. मंडपाच्या मागं गेलो, चुलीपाशी वरणाची बादली भरलेली होती. कडी धरली तर दुसऱ्या बाजूनं एक हात आला. मामा. आम्ही दोघं ती बादली धरून उभे. गरम होती, पण आधी सोडायची कुणी? शेवटी मामांनी सोडली आणि म्हणाले,

"मधी ठेवून जाऊ नकोस आता."

"न्हाय मामा."

"मग हो पुढं. पंगत खोळंबलीय, बे."

त्या 'बे'साठी मी अख्खा तालुका वाढून काढला असता. तिन्ही पंगती मी एकट्यानं वरण वाढलं. इंजिनिअरला दोनदा वाढलं, तुपासकट. महांतप्पांनी मामांना विचारलं, हा वाढणारा कोण. मामा म्हणाले, आमच्या घरचा. महांतप्पा शहाणा माणूस. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा स्वतःच्या पोराच्या फेट्याकडं बघितलं, आणखी थोडं वरण मागितलं आणि पुढं कसला विषय काढला नाही.

शेवटच्या पंगतीला सगळे वाढपी बसलो. मामांनी माझ्याशेजारी पाट ओढला. आपल्या हातानं माझ्या पानात बुंदी वाढली आणि म्हणाले, ही आजची. मग परत वाढली आणि म्हणाले, ही प्रेमच्या लग्नातली, राहिली होती. आई पलीकडं पदरानं तोंड पुसत होती. आबा फेटा बांधून एकटेच खुर्चीवर बसलेले, त्यांना कुणी काम सांगेना. शेवटी ते म्हणाले, मला उगाच पाहुणा केला, मी पेर्मालोझो होणार. मामांनी अर्थ विचारला. आबांनी सांगितला. मामा हसले आणि म्हणाले, "हा शब्द आमच्या पोरीनं धाडला व्हय? कुणासाठी?" सगळे आपापल्या पानात बघत जेवत राहिले.

तू जूनमध्ये येतेस असं मामी म्हणाल्या. मी ठरवलंय, ईटच्या फाट्यावर मोठा फ्लेक्स लावायचा. तुझा फोटो, मागं इटलीचा डोंगर, 'परदेशातून शिक्षण पूर्ण करून आल्याबद्दल हार्दिक स्वागत', खाली आम्ही सगळे. हलगी सांगितलीय. हार किती मोठा करू ते लिही.

शिवराज

---

कुनेओ
२० मे २०२५

शिवराज,

अप्पांचा फोन आला होता. हवापाण्याचं बोलले, शेळ्यांचं बोलले, मग म्हणाले, 'पोरगं वरण सांडत नाही.' एवढ्या वाक्यासाठी त्यांनी परदेशात फोन लावला. मी हो म्हटलं. कशाला हो, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आत्याला तेवढं सांग.

रेजिनाची धार काढायचे आता थोडेच दिवस राहिले. आज सकाळीही आधी तिच्याकडेच गेले. लुचियाबाई निघताना पाव बांधून देणार आहेत, वाटेत खायला, आणि तुझी सगळी गोष्ट ऐकून म्हणाल्या की तुझा माणूस पेर्मालोझो होता, आता नुसता रागीट राहिलाय. रागीट चालेल, म्हटलं मी.

फ्लेक्स लावू नकोस. हलगी नको, हार नको. फाट्यावर माझं नाव पुकारलं गेलं तर मी तशीच पुढच्या एसटीनं परत जाईन. पाहुणी नाही मी.

गाडी घेऊन ये, शेळ्यांचा पाला मागं बांधलेला असू दे. अर्धा भारा माझ्या मांडीवर दे आणि चल.

अक्षदा